पहिली खबर कोण देणार?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या गावातल्या मुलांना भूगोल शिकवला. केळीवर बोलायचे म्हणजे भूगोलावर बोलणे आलेच. आज मी कोलंबिया, जॉर्डन, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम असा बराच फिरणार आहे आणि मग तापीकाठी येणार आहे. तेवढी सवड आपण द्याल, अशी आशा आहे.

कोलंबियाच्या अगदी उत्तर टोकाला, कॅरिबियन समुद्राला लागून, ला ग्वाहिरा नावाचा प्रांत आहे. २०१९ च्या मध्यावर तिथल्या काही बागांत खालची पाने कडेने पिवळी पडू लागली. हळूहळू ती देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागली. खोड आडवे कापून पाहिले तर आत तांबूस तपकिरी रेघा. नमुने नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेतही तपासले गेले आणि शंकेला जागा उरली नाही. ऑगस्टमध्ये कोलंबिया सरकारने राष्ट्रीय आणीबाणी पुकारली. दीडशेहून अधिक हेक्टर बागा विलग करून झाडे नष्ट करण्यात आली, आणि त्या भागाच्या नाकेबंदीला पोलीस आणि लष्कर मदतीला आले. एका झाडाच्या रोगासाठी आणीबाणी! ज्यांना केळीचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना यात काहीही अतिरेकी वाटले नाही.

रोगाचे नाव टीआर-४, म्हणजे ट्रॉपिकल रेस ४. आपण ज्याला पनामा मर म्हणतो त्याच फ्युजेरियम बुरशीचा हा नवा वाण. ती मातीतून मुळात शिरते, तिथून कंदात आणि मग खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत. नळ्या तुंबल्या की पायाशी पाणी असूनही झाड तहानेने मरते. फवारून हा रोग बरा होत नाही. झाड मेल्यावर बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत पडून राहतात, तेही दशकानुदशके. ज्या शेतात हा रोग आला त्या शेतात रोगाला बळी पडणारी केळी त्या शेतकऱ्याला पुन्हा लावता येत नाही, कदाचित त्याच्या मुलालाही नाही. आणि तो पसरतो कसा? कंदातून, मुनव्यांतून, बुटाला लागलेल्या मातीतून, ट्रॅक्टरच्या चाकांतून, पुराच्या पाण्यातून.

केळीच्या जगाला हा अनुभव एकदा येऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका आणि युरोपच्या बाजारात जे केळे जात असे ते ग्रो मिशेल जातीचे. जाड सालीचे, गोड, बोटीच्या प्रवासात न डागाळणारे. मध्य अमेरिकेत रेल्वे टाकून, जंगल तोडून कंपन्यांनी त्याच्या मैलोगणती बागा उभ्या केल्या. पनामा मर आली तेव्हा त्यांनी काय केले? रोगट जमीन सोडली आणि पुढचे जंगल तोडले. तीही जमीन गेली, मग त्यापुढचे. मागे राहिलेल्या गावांत ना जंगल उरले ना रोजगार. १९५० ते १९६५ च्या दरम्यान पळायला जागा उरली नाही आणि व्यापार कॅव्हेंडिश या दुसऱ्या गटाच्या केळीवर गेला. तिच्यावर त्या जुन्या मरीचा परिणाम होत नव्हता.

ही कॅव्हेंडिश आली कुठून? मूळची पूर्व आशियातली. मॉरिशसमार्गे ती इंग्लंडात डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ इथल्या काचघरात पोहोचली. १८३५ च्या सुमारास जोसेफ पॅक्सटन या माळ्याने तिला फळे आणली आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश घराण्याचे नाव तिला चिकटले. तिथून मिशनऱ्यांबरोबर ती सामोआ बेटांवर गेली. आज जगातल्या एकूण केळीपैकी जवळपास निम्मी आणि निर्यातीतली बहुतेक सगळी केळी याच गटाची आहे. आपली बसराई, श्रीमंती आणि ग्रँडनैन, तिकडे नांदेडची अर्धापुरी, ही सगळी याच घराण्यातली भावंडे. केळीला बी नाही. मुनव्यातून मुनवा, उतींतून रोप, असा तोच एक जीव आपण हजारो हेक्टरांवर उभा करत असतो. म्हणून ला ग्वाहिरातल्या झाडाला जे मारते ते आपल्या रावेरच्या झाडालाही मारते. त्या दोन झाडांच्या रक्तात फारसा फरकच नाही.

टीआर-४ ची वाटचाल तारखांनिशी सांगता येते. तैवानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅव्हेंडिश मरू लागली. १९९० च्या दशकात इंडोनेशिया आणि मलेशियातल्या मोठ्या बागा गेल्या. १९९७ मध्ये रोग उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ सापडला, २०१३ मध्ये आफ्रिकेत मोझांबिकला, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केळीच्या मुख्य पट्ट्यात, क्वीन्सलँडला. मग २०१९ कोलंबिया, २०२१ पेरू, २०२३ व्हेनेझुएला. आपल्या देशात तो आधी बिहारच्या कटिहार-पूर्णियाकडे आणि उत्तर प्रदेशात नोंदला गेला. पुढे सुरत आणि बऱ्हाणपूरची नावे आली. बऱ्हाणपूर म्हटल्यावर सभागृहात जी चुळबुळ झाली ती मला दिसली. त्याकडे मी येतोच.

या यादीत मी न घेतलेला जॉर्डन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जॉर्डन खोऱ्यातल्या बागांत मरीची लक्षणे २००६ मध्ये दिसली होती. तो रोग टीआर-४ आहे, हे शास्त्रीय नियतकालिकातून जगाला कळले ते २०१३ च्या अखेरीस. सात वर्षे गेली. कुणी मुद्दाम दडवले, असा आरोप मी करत नाही. पण त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाने पिवळी पडलेली दिसली. त्याने खबर दिली तर काय होणार? शेताला दोरी बांधणार, झाडे कापणार, माल उचलायला व्यापारी येणार नाही, शेजारी संशयाने बघणार. आणि खबर दिली नाही तर निदान या वर्षीचा माल तरी निघेल. देशाचेही असेच असते. रोग जाहीर केला की दुसरे देश दारे लावतात, निर्यात अडते. खरे बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला एक हंगाम बक्षीस, अशी ही व्यवस्था आहे. केळीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यावर कितीही परिषदा भरवा, पहिली खबर देणाऱ्याचे नुकसान कोण सोसणार याचे उत्तर नसेल, तर ते सहकार्य कागदावरच राहते. आज मला प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी मिळाले आहे. क्वीन्सलँडच्या टली खोऱ्यात मार्च २०१५ मध्ये एका बागेत टीआर-४ सापडला. त्या बागेचे येणे-जाणे बंद झाले, यंत्रे धुण्याचे आणि बूट निर्जंतुक करण्याचे नियम लागले. शेतकऱ्याला या बंधनांत व्यापार चालवणे जड जाऊ लागले. तेव्हा २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केळी बागायतदारांच्या संघटनेने सरकारच्या साहाय्याने ते अख्खे शेतच विकत घेतले. झाडे मारली, कुंपण घातले. रानडुकरे माती पायाला लावून पलीकडे नेतात, म्हणून त्यांनाही अडवले. पुढची काही वर्षे रोग मोजक्याच शेतांत अडकून राहिला. म्हणजे एका शेतकऱ्याचे नुकसान सगळ्या बागायतदारांनी मिळून उचलले. परमार्थ म्हणून कुणी हे केले नव्हते. हिशेब मांडल्यावर आपापली बाग वाचवण्याचा तोच स्वस्त मार्ग ठरला.

ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे, त्याला हे परवडते, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच पैसा कुठे आहे याचा विचार करायला हवा. निर्यातीचे केळे जगभर साधारण अठरा किलोच्या खोक्यात जाते. त्या खोक्याच्या अंतिम किमतीतला मोठा वाटा वाहतूक, पिकवण, वितरण आणि दुकानदारी यांत जातो. बागायतदार आणि मजूर यांच्या हाती थोडेच पडते. युरोपातली सुपरमार्केटे केळे स्वस्त ठेवून गिऱ्हाईक दुकानात खेचतात. आणि रोग थोपवायचे कुंपण, बूट धुण्याचे हौद, प्रमाणित रोपे, नमुने तपासणे, हा सगळा खर्च मात्र शेतावर पडतो.

दर वाढवून घेण्यासाठी उत्पादक देश एकत्र आले होते, हेही विसरू नये. १९७४ मध्ये मध्य अमेरिकेतल्या देशांनी आणि कोलंबियाने मिळून केळी निर्यातदार देशांचा संघ काढला. दर खोक्यामागे एक डॉलरपर्यंत कर लावायचा, असा विचार होता. सर्वांत मोठा निर्यातदार इक्वेडोर या करात सामील झाला नाही. कंपन्यांनी दबाव आणला. होंडुरासने कर निम्म्यावर आणला आणि पुढच्या वर्षी कळले की युनायटेड ब्रँड्स या अमेरिकी कंपनीने त्यासाठी साडेबारा लाख डॉलरची लाच दिली होती. होंडुरासचे लष्करी अध्यक्ष ओस्वाल्दो लोपेस अरेयानो यांची सत्ता गेली. त्याआधी फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख एली ब्लॅक यांनी न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला होता. एकजूट फुटली. पुढे १९९० च्या दशकात केळीवरून भांडणे झाली ती युरोप आणि अमेरिकेची, जागतिक व्यापार संघटनेत, आयातकरावरून. ती मिटायला २००९ चा जिनिव्हा करार यावा लागला. त्या सगळ्या वादात शेतकऱ्याच्या बुटाला लागलेल्या मातीचा विषय कुणी काढला नाही.

त्याच २००९ च्या डिसेंबरात रोममध्ये जागतिक केळी मंचाची सुरुवात झाली. अन्न व कृषी संघटना त्याचे कार्यालय चालवते आणि बागायतदार, कामगार संघटना, कंपन्या, सुपरमार्केटे, सरकारे, शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसतात. मला या मंचाबद्दल आदर आहे. कोस्टा रिका किंवा इक्वेडोरमधल्या मजुराचा प्रतिनिधी आणि युरोपातल्या दुकानसाखळीचा खरेदी अधिकारी समोरासमोर बसावेत, ही गोष्ट केळीच्या इतिहासात लहान नाही. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप आणि मार्तिनिक बेटांवर सोंड्या भुंग्यासाठी क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक १९९३ पर्यंत वापरले. आज तिथल्या दहातल्या नऊ प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो. असा हा इतिहास आहे. मंचाच्या चर्चांतून मजुरीचा प्रश्न पुढे आला आणि ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी २०२३ मध्ये शब्द दिला की २०२७ च्या अखेरपर्यंत आपल्या केळीमागच्या मजुरांना जगण्यापुरते वेतन मिळेल असे बघू. टीआर-४ साठी मंचाने जगभरच्या जाणकारांचे जाळेही उभे केले आहे.

पण वेतनाचा जसा शब्द मिळाला तसा रोगाच्या खर्चाचा अजून मिळालेला नाही. माझ्या मते प्रत्येक निर्यात खोक्यामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून एक निधी व्हावा आणि जो बागायतदार पहिल्यांदा खबर देईल त्याची झाडे नष्ट केल्याची भरपाई त्यातून व्हावी. विमा कंपन्या हे करणार नाहीत. आपल्याकडचा फळपीक विमा थंडी, ऊन आणि वारा-गारपीट यांच्या निकषांवर चालतो, रोग त्यात बसत नाही. सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तेव्हा उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या गेल्या. त्या वेळी विम्याचा किती उपयोग झाला, हे मला विचारण्यापेक्षा तुम्हीच एकमेकांना विचारा.

सहकार्य जिथे मनापासून यशस्वी झाले, ते ठिकाणही सांगितले पाहिजे. बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठात १९८५ पासून केळीच्या जातींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. दीड हजारांहून अधिक नमुने. तिथे बाग नाही. काचेच्या नळ्यांत, पोषक द्रव्यावर, बोटभर रोपटी उभी असतात. खोली सोळा अंश सेल्सिअसवर, प्रकाश मंद, म्हणजे रोप जगेल पण फार वाढणार नाही. ठरावीक काळाने प्रत्येक रोपट्याचा शेंडा कापून नव्या नळीत घालावा लागतो. ते चुकले तर एखाद्या डोंगरातली, आता कुठेच न उरलेली जात कायमची जाईल. त्यासाठी बऱ्याच जाती उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्येही ठेवल्या आहेत. पापुआ न्यू गिनीतले रानकेळ, पूर्व आफ्रिकेतली मटोकेची केळी, भारतातल्या जाती, सगळे एका छताखाली. विषाणूंची तपासणी करून ही रोपटी मागेल त्या देशाला मोफत जातात. कारण वनस्पती जनुकांच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारात केळीचा समावेश आहे आणि त्या करारानुसार हा साठा सगळ्या मानवजातीसाठी राखलेला आहे. केळीच्या व्यापारात मला याहून सुंदर व्यवस्था माहीत नाही.

संशोधनाची फळेही दिसू लागली आहेत. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने उतिसंवर्धनात आपोआप झालेल्या बदलांतून टीआर-४ ला तोंड देणारी कॅव्हेंडिश निवडली. त्यातल्या काही निवडी फिलिपाइन्सच्या बागांत गेल्या. होंडुरासमधल्या संशोधकांनी टनावारी केळी चाळणीतून गाळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बिया मिळवल्या आणि त्यातून संकर केले. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स डेल यांच्या गटाने मलाय भागातल्या रानकेळीतले एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. त्या क्यूकॅव्ह-४ केळीला २०२४ मध्ये तिथे मंजुरी मिळाली. आपल्याकडे लखनौच्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मावर आधारलेले फ्युसिकाँट तयार केले आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या रोगट शेतांत ते वापरले गेले. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून आपल्या जाती जपते आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी एका देशाच्या बळावर झालेल्या नाहीत. रानकेळ एकाचे, प्रयोगशाळा दुसऱ्याची, रोगट शेत तिसऱ्याचे. म्हणून रोगप्रतिकारक जातीवर कुणी एकट्याने पेटंटचे टाळे लावू पाहिले, तर उत्पादक देशांनी एकजुटीने विरोध केला पाहिजे. भारताने तर सर्वांत आधी.

भारताचा आवाज मोठा असायला हवा, कारण जगात सर्वांत जास्त केळी आपण पिकवतो. वर्षाला तीन कोटी टनांहून जास्त, म्हणजे जगाचा साधारण चौथा हिस्सा. निर्यातीत मात्र आपला वाटा लहान. तो वाढतो आहे. आखातात आपले केळे जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून समुद्रमार्गे रॉटरडॅमला चाचणीची खेप गेली. करमाळा-टेंभुर्णी भागातले शेतकरी निर्यातीच्या मापाने घड वाढवायला शिकले आहेत. पण निर्यातदार व्हायचे तर रोगाबद्दल खरे बोलणारा देश अशी ओळख आधी हवी. बाहेरचा खरेदीदार उद्या विचारणारच की तुमच्या कोणत्या तालुक्यात टीआर-४ आहे आणि तो तुम्ही कसा रोखला? आम्हाला ठाऊक नाही, हे उत्तर चालणार नाही.

आता बऱ्हाणपूरकडे येतो. तापी बऱ्हाणपूरहून वाहत आपल्या जळगाव जिल्ह्यात उतरते. पावसाळ्यात तिच्या पाण्याबरोबर माती येते. रावेरचा माल बऱ्हाणपूरच्या लिलावात जातो, तिकडचे घड कापणारे मजूर इकडे येतात, ट्रक दोन्हीकडच्या बांधापर्यंत जातात. राज्याची सीमा इथे ओलांडल्याचे कुणाला कळतही नाही. म्हणून रोममधल्या परिषदेइतकेच गरजेचे आहे ते रावेर आणि बऱ्हाणपूरच्या बागायतदारांनी, दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसणे. कुठल्या शेतात संशय आला हे दोघांनाही त्याच दिवशी कळले पाहिजे. मजुरांच्या कोयत्याला आणि ट्रकच्या चाकांना औषधाचे पाणी लागले पाहिजे. मुनवे आणि कंद सीमेपलीकडून आणणे थांबले पाहिजे. उतिसंवर्धित रोपे घेताना प्रमाणपत्र मागितले पाहिजे. ते मागायला संकोच वाटायचे काहीच कारण नाही. आणि नवती म्हणजे नवी लागण असो वा पिलबाग म्हणजे खोडवा, जो शेतकरी खबर देईल त्याची बाग नष्ट करायची वेळ आली तर तालुक्यातल्या बाकीच्यांनी पदरमोड करून त्याला उभे करायचे, असा ठराव आपण सोसायट्यांमध्ये, फळबाग संघांमध्ये करू शकतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. जिनिव्हा किंवा रोमची वाट बघायला नको.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती उद्याच लागू शकते. बागेत एखाद्या झाडाची खालची पाने कडेने पिवळी पडून खोडाभोवती लोंबताना दिसली, खोड बुंध्याशी चिरलेले दिसले, तर ते झाड उपटू नका. तोडून पाटात टाकू नका. त्याचे मुनवे कुणाला देऊ नका. भोवती दोरी बांधा, तिथे कुणाला जाऊ देऊ नका, स्वतःचे बूट तिथेच धुवा आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा कृषी खात्याला त्याच दिवशी फोन करा. शेजाऱ्याच्या बागेत असे दिसले तर त्याला दोष देऊ नका. त्याच्या बरोबर जाऊन तो फोन करा.